भटजी, मास्तर आणि लक्ष्मीबाई: सध्या वाचून झालेली पुस्तकं

ठाणे ते तुर्भे लोकलमध्ये मोबाईल बघून बघून मान आणि डोळे दोन्ही कामातून गेले म्हणून मी परत पुस्तकं वाचायला लागले, आणि नवीन पुस्तकांच्या किमती बघून जुन्यांकडे वळले, एवढंच कारण आहे, वाचनसंस्कृती वगैरे काही नाही. चार पुस्तकं झाली, तीन जबरदस्त आवडली, एक जरा कमी. आवडलेल्या तिघांत सांगणारा माणूस कुठेच हिरो व्हायला जात नाही. घाबरला तर घाबरलो म्हणतो, पैशासाठी गेला तर पैशासाठी गेलो म्हणतो. हल्लीची आत्मचरित्रं वाचून वैताग आला असेल तर ही तीन घ्याच.

सगळ्यात भारी म्हणजे विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. नाव शाळेपासून ऐकलेलं, वाचलं आत्ता. हे भटजी वरसईचे, म्हणजे आपल्या पेणजवळचे. घरात कर्ज, आईवडील म्हातारे, आणि कानावर येतं की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा भरपूर मिळेल. झालं, काकांबरोबर निघाले. वर्ष कुठलं, तर १८५७! म्हणजे टायमिंग बघा. इंदूरजवळच्या महूच्या आसपास शिपाई लोकांकडून कळतं की आता गडबड होणार आहे, तरी हे दोघं पुढे जातात कारण रिकाम्या हाताने घरी कसं जायचं. तिथून पुढे जे काही होतं ते कुठल्याही वेब सिरीजला लाजवेल असं आहे आणि सगळं खरं, डोळ्यांनी बघितलेलं.

झाशीचा वेढा चालू असताना हा माणूस आत शहरात आहे. तोफगोळे पडतायत, राणी रात्रंदिवस फिरतेय, आणि हे आपले जीव मुठीत धरून बसलेत. झाशी पडल्यावर गोऱ्यांनी जी कत्तल आणि लूट केली तो भाग मी ऐरोली गेल्यावर वाचायला घेतला आणि तुर्भे कधी आलं कळलंच नाही, बाजूच्या बाईने हलवलं म्हणून उतरले. राजवाड्यातल्या ग्रंथालयाची नासधूस झाली त्याबद्दल जे लिहिलंय ते वाचताना खरंच पोटात तुटतं. आणि गंमत म्हणजे याच पुस्तकात झाशीतल्या गावगप्पा, कुणी किती दक्षिणा दिली, कुठे काय जेवलो हेही तितक्याच आवडीने सांगितलंय. भटजी लोभी आहेत का, तर हो, थोडेसे आहेत, आणि लपवत पण नाहीत. मिळालेले पैसे लुटले जातात तेव्हा आपल्यालाच वाईट वाटतं.

काल्पीच्या वाटेवरचा विहिरीचा प्रसंग बऱ्याच जणांना माहीत असेल. झाशी सोडून पळालेली राणी, धुळीने माखलेली, तहानलेली, आणि हे पाणी काढून द्यायला जातात तर ती म्हणते तुम्ही विद्वान ब्राह्मण, राहू दे, मीच काढते. मोजक्याच ओळी आहेत हो. आपल्याकडे राणीवर केवढं काय काय लिहिलं गेलं, सिनेमे झाले, पण मला ती माणूस म्हणून पहिल्यांदा इथे दिसली, कारण बघणारा भाट नव्हता, तोही बिचारा तिच्यासारखाच पळत होता.

घेताना एक बघून घ्या. हे लिहून झालं १८८३ च्या सुमाराला पण छापलं गेलं थेट १९०७ ला, चिंतामणराव वैद्यांनी, ते आपले कल्याणचे, गोडसे त्यांच्या घरचे उपाध्ये. पण वैद्यांनी बराच हात फिरवला होता. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी केलेली आवृत्ती १९६६ ची, शक्यतो तिच्यावरून काढलेली घ्या. भाषा सुरुवातीला जड जाते, पूर्णविरामाची काटकसर आहे, पण दहा-पंधरा पानांत कान बसतो. मी घेतलेल्या कॉपीत टाईप इतका बारीक होता की सासूबाईंनी हातात घेऊन लगेच परत दिलं.

त्याऐवजी सासूबाईंनी पळवलं ते 'स्मृतिचित्रे'. लक्ष्मीबाई टिळकांचं. हे मी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून आणलं होतं (१८९३ पासून चालू आहे ही लायब्ररी, वि. ल. भाव्यांनी उभी केलेली, आणि ठाण्यात अर्धं आयुष्य काढून तिथे एकदाही न गेलेले लोक माझ्याच बिल्डिंगमध्ये आहेत). योगायोग असा की हेही १८५७ पासूनच सुरू होतं! लक्ष्मीबाईंच्या आजोबांना त्या बंडात फाशी झाली, ते बघून वडिलांच्या मनावर असा काही परिणाम झाला की त्यांनी सोवळ्याचं वेड घेतलं, बाजारातून आलेली जवळपास प्रत्येक वस्तू धुवून घ्यायची. आता एवढं वाचून वाटेल की किती दुःखाचं पुस्तक असेल. तर मी हसून हसून मेले. बाई विनोद करतायत असं वाटतच नाही, सरळ सांगतात, आणि आपण फुटतो.

अकराव्या वर्षी लग्न, नवरा कवी, म्हणजे नारायण वामन टिळक, हातात पैसा आला की कुणाला तरी देऊन मोकळे, मनात आलं की न सांगता घरातून गायब. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले आणि बायकोच्या पायाखालची जमीन गेली. हा भाग वाचताना मला टिळकांचा खूप राग आला, थोर कवी वगैरे ठीक आहे पण घरात कोण राबतंय? पण लक्ष्मीबाईंना राग येतो, भांडतात, रडतात, आणि तरी त्या नवऱ्याला व्हिलन करत नाहीत. स्वतः पाच वर्षांनी ख्रिस्ती झाल्या, आणि त्याआधी जातीपातीचं डोक्यातलं ओझं कसं उतरलं ते त्यांनी इतकं साधं लिहिलंय की त्यावर कुणाला भाषण देता येणार नाही. शाळेत न गेलेली बाई, आणि नवऱ्याच्या मागे त्यांचं अर्धवट राहिलेलं 'ख्रिस्तायन' काव्य यांनी पूर्ण केलं! संक्षिप्त आवृत्त्या पण मिळतात, त्या घेऊ नका, मजा तपशिलात आहे. मधे कुठे कुठे पाहुणे आणि गावं इतकी येतात की गोंधळ होतो, तिथे पुढे सरका, काही बिघडत नाही.

तिसरं 'बनगरवाडी', व्यंकटेश माडगूळकरांची कादंबरी, १९५५. लोकलसाठी हे बेस्ट, लहानसं आहे, पर्समध्ये मावतं. माणदेशातली धनगरांची वाडी, औंध संस्थानातली एकशिक्षकी शाळा, आणि मिसरूड फुटलेला मास्तर. मास्तर गावाला सुधारायला वगैरे जात नाही, गावच त्याला कामाला लावतं. कारभारी, आनंदा रामोशी, ही माणसं अशी उभी राहतात की घणसोलीला चढलेल्या गर्दीत पण दिसत राहतात. तालीम बांधायची म्हणून सगळी वाडी राबते तो भाग फार सुंदर आहे, आणि मग दुष्काळ येतो. शेवटाबद्दल लिहीत नाही. पण थ्रिलर वाचायची सवय असेल तर सांगते, पहिल्या अर्ध्यात 'काही घडत' नाही. माझ्या नवऱ्याने तीस पानांवर सोडलं. १९९५ चा अमोल पालेकरांचा सिनेमा नंतर बघा, आधी नको.

आणि कमी आवडलेलं म्हणजे 'रणांगण', विश्राम बेडेकरांचं, १९३९ चं. हे लिहिताना थोडी भीती वाटतेय कारण याचे भक्त खूप आहेत. युरोपातून मुंबईला निघालेली बोट, तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून निसटलेले ज्यू, त्या काळात मराठीत हा विषय म्हणजे कमालच, आणि बोटीवरच्या माणसांचं वर्णन अजूनही ताजं वाटतं. पण चक्रधर हा नायक मला झेपला नाही. बोटीवरची ज्यू मुलगी हॅर्टा सगळं गमावून बसलीय आणि हा आपल्या मनाच्या जखमा कुरवाळतोय. कदाचित भटजींच्या लगेच नंतर वाचलं म्हणून असेल. मूळचं वाईट नाही, शंभर-सव्वाशे पानं आहेत, एका रविवारी होतं, वाचून तुम्हीच ठरवा आणि माझ्याशी भांडायला या.

आता मला १८५७ च्या आसपासचंच अजून काहीतरी हवंय, मराठीतलं, आणि कादंबरी नकोय, त्या वेळी तिथे असलेल्या माणसाने लिहिलेलं. डायरी, पत्रं, काहीही चालेल. कुणाला माहीत असेल तर नाव टाका, आणि ठाण्यात किंवा वाशीला कुठे मिळेल तेही सांगा, ऑनलाईन मागवलं की कोपरे दुमडूनच येतात.