फ्रान्सिस व्हेबेरचे सहा सिनेमे आणि एक नाटक: नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या जूनमध्ये मी फ्रेंच नाटककार आणि सिनेदिग्दर्शक फ्रान्सिस व्हेबेरच्या सहा सिनेमांच्या जुन्या, वापरलेल्या डीव्हीडी फ्रान्सहून मागवल्या. सोबत त्याच्या सगळ्यात गाजलेल्या नाटकाचं, 'ल दिने द कों'चं ('बावळटांचं जेवण'), छापील पुस्तकही घेतलं. पोस्टेज धरून सगळं मिळून साडेपाच हजारांच्या आसपास गेलं. कारण साधं होतं. फ्रेंचची बी-वन, म्हणजे मधल्या पातळीची, परीक्षा झाली होती, वर्तमानपत्र वाचता येत होतं, पण दोन फ्रेंच माणसं आपसांत बोलायला लागली की मला तिसऱ्या वाक्यापासून काही कळत नसे. क्लासच्या बाईंनी सांगितलं, "बातम्या ऐकणं बंद कर, विनोदी नाटकं ऐक. विनोद कळला की भाषा कळली समज." नऊ महिन्यांनंतर बाईंचं म्हणणं मला शंभर टक्के पटलंय. मात्र कुठलंही विनोदी नाटक चालणार नाही. व्हेबेरच का, ते लिहायला बसले आहे.

आधी अडचणी, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. डीव्हीडी कुठल्या देशांतल्या प्लेअरवर चालेल ते तिच्या रीजन क्रमांकावर ठरतं. फ्रान्समधल्या डीव्हीडी रीजन २ च्या असतात आणि भारत रीजन ५ मध्ये येतो. आमच्या घरच्या प्लेअरने सहाही डिस्क नाकारल्या. लॅपटॉपच्या ड्राइव्हचं रीजन बदलता येतं, पण फक्त पाच वेळा, मग ते कायमचं अडकतं. मी एक जुना बाहेरून जोडायचा ड्राइव्ह फक्त यासाठीच ठेवला, एकदा रीजन २ केलं आणि पुन्हा हात लावला नाही. एक डिस्क चरे पडलेली आली. विक्रेत्याला तीन मेल केले, उत्तर आलं नाही. ती डिस्क पंचेचाळिसाव्या मिनिटाला अजूनही अडते. मागवण्याआधी डिस्कच्या खालच्या बाजूचा फोटो मागून घ्या.

दुसरी गोष्ट सबटायटलची. माझ्याकडच्या सहापैकी चार डिस्कवर इंग्रजी नाहीच, आहेत ती फ्रेंच, कमी ऐकू येणाऱ्यांसाठी केलेली. पहिल्या दिवशी मी हिरमुसले. महिनाभरात कळलं की याहून चांगलं काही मिळालंच नसतं. या सबटायटलना रंगांची शिस्त असते: पडद्यावर दिसणारा माणूस बोलत असेल तर पांढरी अक्षरं, बोलणारा पडद्याबाहेर असेल तर पिवळी, दार वाजलं किंवा काही फुटलं तर लाल. व्हेबेरच्या सिनेमात निम्मी गंमत दाराआडून आणि शेजारच्या खोलीतून येते. पिवळं अक्षर उमटलं की अंदाज येतो, आता कोणीतरी नको तेव्हा आत येणार.

आता माणसाविषयी. व्हेबेरचा जन्म १९३७ चा, पॅरिसलगतच्या नयी-स्युर-सेन गावातला. घरात लेखणी पिढीजात. आजोबा प्येर व्हेबेर नाटककार, आणि विनोदी लेखक त्रिस्तां बेर्नार नात्यातले. व्हेबेर आधी वैद्यकीच्या वाटेला गेला, मग पत्रकार झाला, आणि साठच्या दशकाच्या शेवटी नाटकं लिहू लागला. १९६९ चं 'ल कोंत्रा' हे नाटक त्याने पुढे पडद्यासाठी लिहिलं आणि १९७३ मध्ये त्याचा 'लांमेर्दर' हा सिनेमा झाला. त्याआधी १९७२ मध्ये त्याने पटकथा लिहिलेला, उंच सोनेरी केसांच्या आणि एका काळ्या बुटाच्या माणसाचा सिनेमा तुफान चालला होता. १९७६ पासून तो स्वतः दिग्दर्शनही करू लागला. तारखा सांगायचं कारण इतकंच की त्याची मुळं रंगभूमीत आहेत, आणि सिनेमा बघताना ते पदोपदी जाणवतं. आपल्या व्यावसायिक नाटकाचा बॉक्स सेट डोळ्यांसमोर आणा: एक दिवाणखाना, दोन-तीन दारं, एक फोन. व्हेबेरला याहून जास्त काही लागत नाही.

'ल दिने द कों' मी आजवर एकवीस वेळा पाहिलाय. वहीत खुणा केल्या आहेत म्हणून आकडा माहीत आहे. नाटक १९९३ मध्ये पॅरिसच्या तेआत्र दे व्हार्येतेमध्ये आलं, झाक व्हिलरे आणि क्लोद ब्रासर यांच्या भूमिकांसह. सिनेमा १९९८ चा. त्यात व्हिलरे तोच, समोर त्येरी लेर्मित. फ्रान्समध्ये ९० लाखांहून अधिक तिकिटं विकली गेली आणि पुढच्या वर्षी पटकथा, मुख्य अभिनेता आणि सहायक अभिनेता अशी तीन सेझार, म्हणजे फ्रेंच सिनेमाची पारितोषिकं मिळाली. सिनेमा जेमतेम ऐंशी मिनिटांचा आहे. अभ्यासाला ही लांबी सोन्यासारखी, रात्री जेवण आटोपून पूर्ण बघून होतो.

गोष्ट अशी. ब्रोशां नावाचा श्रीमंत प्रकाशक आणि त्याचे मित्र दर आठवड्याला एक जेवण ठेवतात. प्रत्येकाने एकेक बावळट शोधून आणायचा आणि त्याची मजा बघायची. या खेपेला ब्रोशांला सापडतो फ्रांस्वा पिन्यों, अर्थ मंत्रालयातला साधा कर्मचारी, काड्यापेटीच्या काड्यांनी आयफेल टॉवर आणि पूल बांधणारा. पण ब्रोशांची पाठ धरते, जेवण राहतं बाजूला, आणि पिन्यों त्याच्या घरी मदत करत बसतो. एका संध्याकाळीत ब्रोशांचं लग्न, प्रेमप्रकरण आणि करचुकवेगिरी, सगळं चव्हाट्यावर येतं.

भाषा शिकणाऱ्याने यातला एक प्रसंग तोंडपाठ करावा. ब्रोशांची बायको घर सोडून गेली आहे. ती जुना मित्र लब्लां याच्याकडे आहे का, हे त्याला शोधून काढायचंय. फोन पिन्योंने करायचा, नाव बदलून, बेल्जियमचा सिनेनिर्माता म्हणून. त्या मित्राचं नाव ज्युस्त लब्लां. फ्रेंचमध्ये 'ज्युस्त' म्हणजे 'नुसता', 'फक्त'. पिन्योंला वाटतं, माणसाचं नाव नुसतं लब्लां, म्हणजे पुढचं नावच नाही. ब्रोशां समजावतो, आणि समजावताना पुन्हा तोच शब्द 'बरोबर' या अर्थाने येतो, की गोंधळ आणखी वाढतो. एकाच शब्दाचे तीन उपयोग, अर्ध्या मिनिटात. हा शब्द पुस्तकात मी दोन वर्षं वाचत होते. त्याचे तीन अर्थ कानाला वेगवेगळे लागतात, वाक्यात त्यावर जोर कुठे पडतो त्यावरून, हे मला या प्रसंगाने शिकवलं. मग फोन लागतो. पिन्यों इतका रंगात येतो की लब्लांच्या कादंबरीचे हक्क खरोखर मिळवतो, आनंदाने फोन ठेवतो, आणि बायकोचं विचारायचं राहूनच जातं. पडद्यावर या सगळ्या वेळात दोन माणसं आणि एक फोन.

आकडेही इथेच पक्के झाले. पिन्यों आपल्या टॉवरला लागलेल्या काड्यांची संख्या सांगतो, ३,४६,४२२. फ्रेंचमध्ये हजारांच्या हिशेबात 'तीनशे सेहेचाळीस हजार चारशे बावीस'. लाखात मोजणाऱ्या आपल्या डोक्याला हे उलटं जातं. तो आकडा विचार न करता म्हणता आला त्या दिवशी मला खरोखर आनंद झाला होता.

पुस्तक आणि सिनेमा शेजारी ठेवून पाहिले तर लेखकाचं काम उघडं दिसतं. नाटक ब्रोशांच्या घराबाहेर जात नाही. सिनेमात सुरुवातीला बागेत बूमरँग फेकणारा माणूस आहे, आगगाडीत आपल्या मॉडेलांचे फोटो दाखवणारा पिन्यों आहे. पण पिन्योंने ब्रोशांच्या घरात पाऊल टाकलं की कॅमेरा जवळजवळ तिथेच मुक्काम करतो. नाटकाचा सिनेमा करताना उगाच चार ठिकाणं फिरवून आणायचा मोह भल्याभल्यांना होतो. व्हेबेरने तो आवरला, कारण कोंडलेली खोलीच हसवते हे त्याला रंगमंचावर रोज रात्री दिसलेलं होतं.

मराठी माणसाला या सिनेमात एक जास्तीचं सुख आहे. फ्रेंचमध्ये 'तू' आणि 'व्हू', आपल्याकडे 'तू' आणि 'तुम्ही'. ब्रोशां मनातून पिन्योंला तुच्छ मानतो, पण त्याला 'व्हू' म्हणतो. पिन्यों भाबड्या आदराने 'मस्य ब्रोशां', म्हणजे 'ब्रोशांसाहेब', म्हणत राहतो. लब्लां आला की दोघे जुने मित्र 'तू'वर उतरतात. इंग्रजीत हे सगळं एका 'यू'मध्ये बुडतं. आपल्याला मात्र त्या 'तुम्ही'तली धार लगेच लागते, कारण नको असलेल्या माणसाला आपणही असंच 'अहो, तुम्ही बसा ना' म्हणून लांब ठेवतो. 'कों' या शब्दाला काय म्हणावं यावर मी आठवडाभर विचार केला. 'मूर्ख' फार पुस्तकी, 'येडा' फार प्रेमळ. शेवटी वहीत 'बावळट' लिहिलं, आणि तेही पुरेसं नाही. फ्रेंच शब्दात शिवीचा वास आहे.

पिन्यों हे नाव व्हेबेरने आयुष्यभर वापरलं. 'लांमेर्दर'मधला पिन्यों शर्ट विकणारा सेल्समन आहे, बायको सोडून गेली म्हणून मोंपेल्येच्या हॉटेलात जीव द्यायला निघालेला. शेजारच्या खोलीत भाडोत्री मारेकरी, खिडकीतून समोरच्या न्यायालयाकडे नेम धरून बसलेला. मारेकऱ्याच्या भूमिकेत लीनो व्हेन्तुरा, पिन्यों झालाय गायक झाक ब्रेल. ही ब्रेलची सिनेमातली शेवटची मोठी भूमिका. गळफास लावलेला न्हाणीघरातला पाइप तुटतो, पाणी वाहू लागतं, आणि तिथून मारेकऱ्याच्या मागे हा माणूस लागतो तो सुटतच नाही. याचाच अमेरिकन अवतार १९८१ मध्ये बिली वाइल्डरने काढला, त्याचा शेवटचा सिनेमा. २००८ मध्ये व्हेबेरने स्वतः पुन्हा केला. तो फ्रान्समध्ये चालला नाही. मला वाटतं, व्हेन्तुराच्या दगडासारख्या चेहऱ्याशिवाय ही गोष्ट उभी राहत नाही. ब्रेल बडबडतो आणि व्हेन्तुरा फक्त बघतो, त्या बघण्यावर अर्धा सिनेमा तरलाय. ऐकण्याच्या सरावाला मात्र ही डिस्क अवघड. ब्रेल भरभर बोलतो. चौथ्या महिन्याआधी लावू नका.

'ला शेव्र' (१९८१) मुलांसोबत बघण्यासारखा. मेक्सिकोत एक कमनशिबी मुलगी हरवते, तिला शोधायला तितकाच कमनशिबी माणूस पाठवायचा, म्हणजे तो तिच्याच खड्ड्यात पडेल. खुर्च्यांच्या रांगेत एकच मोडकी असते आणि त्या माणसाच्या भूमिकेतला प्येर रिशार बरोबर तिच्यावर बसतो. याला फ्रेंच येण्याची गरज नाही, म्हणूनच मला अभ्यासाला फारसा उपयोग झाला नाही. 'ले कोंपेर' ठीक. 'ल प्लाकार' (२००१) भाषेला सोपा, स्पष्ट उच्चारांचा, नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी. 'ला काज ओ फोल' हे मूळ नाटक झां प्वारेचं, १९७३ चं. व्हेबेर १९७८ च्या सिनेमाच्या पटकथेत होता आणि त्या पटकथेला ऑस्करचं नामांकनही मिळालं. मिशेल सेरो त्यात अद्वितीय आहे, पण काही विनोद आज टोचतात. तीच तक्रार एकूण व्हेबेरबद्दल: बायकांना त्याने फार कमी दिलंय. बायका निघून जातात किंवा फोनवर रडतात, खोलीतली खरी जुगलबंदी दोन पुरुषांची.

'ल दिने द कों'ची रूपांतरं मी मुद्दाम नंतर पाहिली. २०१० च्या अमेरिकन सिनेमात ते जेवण प्रत्यक्ष दाखवलंय, आणि तिथेच मला ते बिघडलेलं वाटलं. मूळ नाटकात जेवण होतच नाही. पिन्यों कोणासमोर नाचवला जात नाही, म्हणून आपण ब्रोशांच्या टेबलाशी बसून हसणाऱ्यांत सामील होत नाही. २००७ चा हिंदी 'भेजा फ्राय' मात्र हे बरोबर पकडतो: मुंबईतलं एक घर, एक दुखरी पाठ, आणि काड्यांच्या जागी गाणं. विनय पाठकचा भारत भूषण आयकर खात्यात आहे, आणि त्याच्या गाण्यामुळे समोरच्याची सुटका नाही. काड्यांचा टॉवर मुका असतो, गाणं कानावर येऊन आदळतं. आपल्या घरांत पाहुण्याने गायला सुरुवात केली की काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. हा बदल करणाऱ्याला दाद द्यायला हवी.

ऑगस्टमध्ये बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि ते महिनाभर माझ्याकडे होते. टीव्ही जास्त बघायचा नव्हता. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही नुसतं ऐका, मी सांगते." डोळे मिटून, आरामखुर्चीत बसून त्यांनी 'ल दिने द कों' ऐकला, मी मध्ये मध्ये एकेक ओळ मराठीत सांगत होते. लब्लांचा फोन संपत आला तेव्हा मी सांगायच्या आधीच ते ओरडले, "अगं, बायकोचं विचारायचं राहिलं ना त्याचं!" त्यांना फ्रेंचचा एक शब्द येत नाही. पिन्योंच्या आवाजातला आनंद वर चढत गेला होता, त्यावरूनच त्यांनी ओळखलं. शेवटाकडे पिन्योंला कळतं की आपल्याला कशासाठी बोलावलं होतं. तिथे व्हिलरे क्षणभर काहीच बोलत नाही. बाबांनी विचारलं, "आता गप्प का झाला?" मी सांगितलं. ते म्हणाले, "वाईट केलं गं त्याच्याशी," आणि मग बराच वेळ बोलले नाहीत.

आज माझी स्थिती अशी: 'ल प्लाकार' सबटायटलशिवाय जवळजवळ पूर्ण कळतो, 'ल दिने द कों' पाठच झालाय, 'लांमेर्दर' साठ टक्के. क्लासमधल्या फ्रेंच पाहुण्यांशी बोलताना किंवा फोनवर फ्रेंच न समजण्याची भीती गेली, हा सगळ्यात मोठा फायदा. व्याकरण यातून सुधारत नाही, त्याला वेगळा वेळ द्यावा लागतो. एकच डिस्क घ्यायची तर 'ल दिने द कों' घ्या, आणि पुस्तक नक्की घ्या, कारण संवाद कागदावर दिसल्याशिवाय कोट्या उलगडत नाहीत.

येत्या शनिवारी क्लासमध्ये आम्ही दोघी ज्युस्त लब्लांचा प्रसंग वाचून दाखवणार आहोत. मी ब्रोशां. मैत्रिणीला बेल्जियन उच्चार जमत नाहीयेत, म्हणून उद्या संध्याकाळी ती घरी येतेय, डिस्क पुन्हा लावायला.