विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर: गप्प बसायला गेले आणि बोलायला शिकून आले

मंडळातल्या आणि बाहेरच्याही बऱ्याच जणींनी विचारलं की शिबिर कसं होतं, प्रत्येकीला फोनवर सांगणं होत नाही म्हणून एकदाच सविस्तर लिहितेय.

आधी का गेले ते सांगते. आमचं बायकांचं ज्ञानेश्वरी पारायण मंडळ आहे, मी त्यात बारा वर्षं आहे. गेल्या श्रावणात समाप्तीला कलशपूजनासाठी सवाष्णींना पुढे बोलावलं, आणि ज्या काकू इतकी वर्षं पोथी वाचतात, ज्यांच्या आवाजाशिवाय आमचा अध्यायच सुरू होत नाही, त्या गुपचूप उठून आत प्रसादाचे द्रोण भरायला गेल्या. त्यांना कुणी जा म्हटलं नाही. काका गेल्यापासून त्या दरवर्षी अशाच उठतात. माझ्या हातात हळदीकुंकवाचं ताट होतं, मी बघितलं, पोटात तुटलं, आणि मी काहीच बोलले नाही. घरी आल्यावर रात्रभर तेच डोक्यात, की बारा वर्षांत मी या बायकांसमोर एकदा तरी मनातलं बोललेय का? मंडळ चालवणाऱ्या ताई म्हणतील त्याला मान डोलवायची, एवढंच केलं. त्याच आठवड्यात फॉर्म भरला, तारीख मिळाली ती दिवाळीनंतरची.

फॉर्म ऑनलाईन असतो. त्यात तब्येत, चालू औषधं, मानसिक आजार सगळं विचारतात, ते खरं लिहा, लपवून जाऊ नका, आणि गंभीर मानसिक त्रास असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय जाऊच नका. फी काहीच नाही. राहणं-जेवण आधी शिबिर केलेल्यांच्या दानातून चालतं, आणि तुम्हाला द्यायचं असेल तरी शिबिर पुरं झाल्यावरच घेतात. मला हे फार आवडलं, कारण ज्याची वर्गणी मोठी त्याचा शब्द मोठा हे मी इतकी वर्षं जवळून बघतेय, इथे तो प्रश्नच येत नाही.

ही साधना सत्यनारायण गोएंकांनी ब्रह्मदेशात ऊ बा खिन यांच्याकडून शिकून १९६९ साली भारतात आणली. ऊ बा खिन तिथल्या सरकारात अकाउंटंट जनरल होते, म्हणजे गुरू नोकरी-संसारातलेच, हे ऐकून मला बरं वाटलं. इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात १९७६ पासून शिबिरं चालू आहेत. मी मात्र घराजवळच्या एका छोट्या केंद्रात बसले.

दिवस पहाटे चारच्या घंटेनं सुरू होतो आणि रात्री साडेनऊला दिवे बंद. अकराला जेवण, पाचला चहा आणि मुरमुरे, रात्री जेवण नाही. भुकेचं टेन्शन घेऊन गेले होते पण तिसऱ्या दिवसापासून भूक आठवलीच नाही. मोबाईल, वही, पेन, पोथी, जपमाळ सगळं जमा करायचं. बायका-पुरुष पूर्ण वेगळे. पहिले साडेतीन दिवस फक्त श्वास, मग चौथ्या दिवशी विपश्यना देतात, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत अंगावरच्या संवेदना नुसत्या बघत जायच्या.

आता मौनाचं. त्याला आर्य मौन म्हणतात, आणि मला वाटत होतं की तोंड बांधून ठेवणार, आपल्याला सवयच आहे त्याची. पण तसं नाहीये. एकमेकींशी बोलायचं नाही, खाणाखुणा नाहीत, डोळ्याला डोळासुद्धा द्यायचा नाही, पण धम्मसेविकेला, म्हणजे शिबिरात सेवा देणाऱ्या बाईला, अडचण सांगता येते आणि शिकवणाऱ्या आचार्यांना साधनेबद्दल विचारता येतं, रोज दुपारी बाराला एकेकीला आणि रात्री नऊला हॉलमध्ये. म्हणजे दिवसभरात बोलायचं ते फक्त गरजेचं आणि फक्त खरं. पहिल्या दिवशी पाच शीलं, म्हणजे पाळायचे पाच नियम, घेतो त्यातलं चौथं खोटं न बोलण्याचं, आणि गप्प राहिलं की ते पाळणं सोपं जातं, असा त्यामागचा विचार.

आणि तरी मी पाचव्या दिवशी खोटं बोलले.

आचार्य पाच-सहा जणींना पुढे बोलावून विचारतात, संवेदना जाणवतायत का. माझ्या डावीकडची म्हणाली हो. तिच्या शेजारची म्हणाली हो, मुंग्या येतात. माझा नंबर आला, मी म्हणाले हो. मला काहीही जाणवत नव्हतं, उजवा गुडघा ठणकत होता तेवढाच. परत जाऊन आसनावर बसले आणि डोळे मिटले तर डोळ्यासमोर मंडळाचा हॉल आला, तीच मी, तशीच मान डोलावणारी. इथे मला कुणी ओळखत नव्हतं, कुणाला वाईट वाटणार नव्हतं, तरी सगळ्या हो म्हणाल्या म्हणून माझ्या तोंडून हो निघालं. त्या तासभरात मी फार रडले, आवाज न करता.

दुसऱ्या दिवशी सेविकेकडे नाव दिलं आणि बाराला आचार्यांसमोर जाऊन बसले. वयस्कर बाई, पांढरी साडी, खिडकीतून ऊन त्यांच्या पायावर येत होतं. मी म्हटलं, काल मी हो म्हणाले ते खोटं होतं, मला काही जाणवत नाही, गुडघा दुखतोय आणि सगळ्यांचा राग येतोय. मला वाटलं आता समजावतील. त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. जिथे जाणवत नाही तिथे मिनिटभर थांबा आणि पुढे जा. मन फारच पळायला लागलं तर थोडा वेळ श्वासावर या." मग विचारलं, "खुर्ची देऊ का?" मी म्हटलं हो. ते हो खरं होतं.

मला शिबिराचं सगळ्यात मोलाचं हेच वाटलं. तुम्ही काय वाचलंय, कुठल्या गुरूंचे, घरात किती पारायणं झाली, कुणी काही विचारत नाही. तुमच्या अंगावर आत्ता काय होतंय तेवढंच सांगायचं, आणि नाही जाणवत हेही उत्तर चालतं.

कमी वाटलं ते एकच. दहाव्या दिवशी सकाळी मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतायची साधना, शिकवून मौन सुटतं आणि अंगणात एकदम कालवा होतो, दहा दिवस तुंबलेलं सगळ्या एकदम बोलायला लागतात. अकराव्या दिवशी पहाटेचं प्रवचन झालं की घरी. मौनातून बोलण्याकडे येताना अजून थोडं हळू नेलं तर बरं होईल, निदान माझ्यासारखीला. मी त्या दिवशी बराच वेळ झाडाखालीच बसून होते.

मार्गशीर्षात मंडळाची मीटिंग होती. पुढच्या पारायणाची वर्गणी, मंडप, महाप्रसाद सगळं ठरलं आणि मी म्हटलं मला बोलायचंय. आवाज कापत होता. कुणाला नावं ठेवली नाहीत, तुम्ही सगळ्या असं करता हे तर मुळीच म्हटलं नाही. फक्त जे बघितलं ते सांगितलं, की काकू आत गेल्या तेव्हा मी ताट धरून उभी होते आणि मला माझी लाज वाटली, कलशाला त्या असाव्यात असं मला मनापासून वाटतं. ताई म्हणाल्या, "रीत आहे ती, आपण कोण बदलणार?" एकीनं हेरवाडचं काढलं, कोल्हापूर जिल्ह्यातल्या त्या गावानं २०२२ मध्ये ग्रामपंचायतीत विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, मग आपण का नाही? दोघी उठून गेल्या. ताई काही वेळ बोलल्याच नाहीत, मग म्हणाल्या श्रावणाआधी बघू.

आणि काकू, ज्यांच्यासाठी मी हे सगळं बोलले, त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अगं, माझ्याबद्दल चार जणींत बोलायच्या आधी मला विचारायचं होतंस."

बरोबर होतं त्यांचं. मी स्वतःचं खरं बोलायच्या भरात त्यांचं विचारलंच नव्हतं. तिथेच म्हटलं, काकू चुकलं माझं, आता विचारते, तुम्हाला कलशाला बसायचंय का? त्यांनी पोथी लाल फडक्यात गुंडाळली, नाडी बांधली, आणि म्हणाल्या सांगते.

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. "कलशाचं माझं अजून ठरत नाहीये. पण द्रोण भरायला आत जाणार नाही, पोथीपाशीच बसेन." श्रावणाला अजून बरेच महिने आहेत.