‘ट्रायल’च्या नावाखाली ५,२९,५०० रुपये: पार्किन्सनच्या रुग्णांच्या घरच्यांनी वाचाच

नोंदणीचे २५,०००. ‘स्टेम सेल’चे (मूळपेशींचे) तीन डोस, प्रत्येकी १,४०,०००, म्हणजे ४,२०,०००. लॅबमध्ये पेशी वाढवण्याचे ४८,५००. फिजिओथेरपी आणि पूरक औषधांचे ३६,०००. एकूण ५,२९,५०० रुपये. त्यातले २,००,००० रोख घेतले, त्याची पावती नाही. बाबांना पार्किन्सन आहे, वय ७४, आणि हे पैसे एका क्लिनिकने आमच्याकडून ‘क्लिनिकल ट्रायल’ म्हणून काढले.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. “तू तर सायन्सची, तुला कसं कळलं नाही?” हे मला भावापासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्यांनी ऐकवून झालंय. त्यांना उत्तर देऊन देऊन थकले, म्हणून इथे एकदाच लिहिते. ज्यांच्या घरात पार्किन्सनचा रुग्ण आहे त्यांना माहीत आहे की आठ-दहा वर्षांनंतर काय होतं. लेव्होडोपाची, म्हणजे या आजाराच्या मुख्य औषधाची, गोळी आधी पाच-सहा तास पुरायची, ती आता अडीच तासांत उतरते. गोळी वाढवली तर मान-हात आपोआप वेडेवाकडे हलतात, कमी केली तर माणूस बाथरूमच्या दारात पाय चिकटल्यासारखा उभा राहतो. न्यूरॉलॉजिस्टकडे दोन तास थांबल्यावर पाच मिनिटं मिळतात. मी स्टेम सेलचं विचारलं तेव्हा त्यांनी मान हलवून “सध्या तसं काही नाही” एवढंच म्हटलं आणि पुढचा पेशंट आत बोलावला. त्या क्लिनिकच्या कोऑर्डिनेटर मॅडम मात्र माझ्याशी फोनवर तासभर बोलल्या. “ताई, काकांचं आधी सगळं सांगा मला,” अशी सुरुवात. ज्या घरात कोणी विचारत नाही, त्या घरात अशी विचारपूस करणाऱ्यावर विश्वास बसतो. यात मूर्खपणा कसला?

आणि जाहिरात हवेतली नव्हती, हेच तर त्यांचं कसब. २०२५ च्या एप्रिलमध्ये जपानच्या क्योटो विद्यापीठाच्या पार्किन्सनवरच्या मूळपेशींच्या चाचणीचे निष्कर्ष ‘नेचर’मध्ये आले. ती बातमी खरी आहे. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या साध्या पेशींपासून मूळपेशींसारख्या पेशी तयार करण्याची रीत शोधली, पुढच्या वर्षी माणसाच्या पेशींवर ते करून दाखवलं आणि २०१२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. हे मी वर्गात शिकवते. क्लिनिकच्या भिंतीवर यामानाकांचा फोटो होता, खाली लिहिलं होतं ‘जपानी तंत्रज्ञान’.

आता क्योटोत काय केलं आणि आमच्याकडे काय केलं ते वाचा. तिथे फक्त सात रुग्णांवर शस्त्रक्रिया झाली, सगळे ५० ते ६९ वयाचे. दात्याच्या पेशींपासून डोपामाइन (हालचालींसाठी लागणारं मेंदूतलं रसायन, जे या आजारात कमी पडतं) तयार करणाऱ्या पेशींच्या आधीच्या टप्प्यातल्या पेशी बनवल्या, त्या मेंदूच्या दोन्ही बाजूंना शस्त्रक्रियेने नेमक्या जागी ठेवल्या, शरीराने त्या नाकारू नयेत म्हणून औषधं दिली आणि दोन वर्षं रुग्णांवर लक्ष ठेवलं. परिणामासाठी तपासलेल्या सहा जणांपैकी चौघांच्या हालचाली गोळीचा असर नसतानाही सुधारल्या. एवढ्या मोजक्या लोकांवरून कोणी ‘बरे होतात’ म्हणत नाही, ते शास्त्रज्ञही म्हणाले नाहीत. बाबांचं वय बघता त्यांना तिथे घेतलंच नसतं. आमच्याकडे बाबांच्या कमरेच्या हाडातून अस्थिमज्जा काढली, ‘लॅबमध्ये पेशी वाढवल्या’ असं सांगितलं आणि पाठीच्या मणक्यातून सुईने काहीतरी सोडलं. काय सोडलं ते त्यांनाच ठाऊक. अस्थिमज्जेतल्या पेशी पाठीत सोडल्यावर मेंदूत चढून डोपामाइन बनवू लागतील याला आधार काय, हे मी विचारलं. त्यांनी इंग्रजीतला एक छापील पेपर हातात दिला. घरी येऊन वाचला तर तो उंदरांवरचा होता. तोपर्यंत नोंदणीचे २५,००० गेलेले होते.

खऱ्या चाचणीत सगळ्यांना घेत नाहीत, वय, आजाराची पायरी, इतर आजार बघून बहुतेकांना परत पाठवतात. जिथे फोनवरच “काका अगदी योग्य आहेत” म्हणतात, तिथून उठा.

मला आतून जाळणारी गोष्ट पैशांची नाही, व्हिडिओची आहे.

पहिल्या दिवशी सांगितलं होतं, “सकाळची गोळी न देता आणा, तपासण्या उपाशीपोटी आहेत.” आम्ही तसंच केलं. गाडीतून उतरवतानाच बाबा लाकडासारखे ताठ झाले होते. कॉरिडॉरच्या सुरुवातीला फरशीचा रंग बदलतो, तिथे त्यांचे पाय अडकले. टाचा वर, पंजे जमिनीला चिकटलेले, वरचं अंग पुढे झुकलेलं, आणि आई मागून सदरा धरून उभी. तो व्हिडिओ काढला. पहिला डोस झाल्यावर दुसऱ्या दिवशी डिस्चार्जच्या आधी पुन्हा व्हिडिओ काढायचा होता. मॅडम आल्या आणि अगदी सहज म्हणाल्या, “काकांची गोळी झाली ना? मग तासाभराने घेऊ व्हिडिओ.”

मी ते वाक्य ऐकलं. माझ्या समोर म्हटलं त्यांनी. आमच्या फ्रिजवर बाबांच्या गोळ्यांचं वेळापत्रक मीच लावलंय, सहा, साडेआठ, अकरा असं. गोळीनंतर तासाभराने बाबा चालतात, हे आमच्या कामवाल्या मावशींनाही माहीत आहे. आणि तरी बाबा त्या कॉरिडॉरमधून फरशीच्या त्याच जागेवरून न अडखळता गेले, वळून परत आले, तेव्हा आईने माझा हात दाबला आणि मी उरलेल्या दोन डोसचे २,८०,००० भरायला काउंटरवर गेले. तिथे ‘रोख भरले तर लॅबचं लवकर होईल’ म्हणाले, म्हणून २,००,००० रोख. आधीचा व्हिडिओ गोळीविना, नंतरचा गोळीच्या भर असरात. एवढीच त्यांची सगळी ‘थेरपी’.

क्योटोतल्या डॉक्टरांनी गोळीचा असर असताना आणि नसताना अशा दोन्ही अवस्थांत वेगवेगळं मोजमाप घेतलं, ते उगीच नाही. या आजारात त्याशिवाय मोजण्याला अर्थ नाही. कोणीही ‘आधी-नंतर’ दाखवलं की पहिला प्रश्न विचारा: शेवटची गोळी किती वाजता दिली होती?

घरी आल्यावरही काही दिवस बाबा खरंच बरे वाटत होते, आणि त्यावरून मला आजही ऐकवतात की मग काहीतरी दिलंच असेल. पार्किन्सनमध्ये आशेनेसुद्धा फरक पडतो. २००१ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या संशोधकांनी ‘सायन्स’मध्ये दाखवलं की औषध म्हणून काहीच नसलेलं इंजेक्शन दिलं तरी या रुग्णांच्या मेंदूत खरंखुरं डोपामाइन सुटतं. त्याच वर्षी अमेरिकेतली एक चाचणी प्रसिद्ध झाली. ४० रुग्णांपैकी निम्म्यांच्या मेंदूत भ्रूणपेशी सोडल्या आणि उरलेल्यांच्या कवटीला नुसती भोकं पाडली, का तर खरा फरक आणि वाटणारा फरक वेगळा काढायला. साठीच्या पुढच्यांना त्याचा फायदा दिसला नाही, आणि पेशी मिळालेल्या काहींच्या अनैच्छिक हालचाली पुढे इतक्या वाढल्या की गोळ्या कमी करूनही थांबल्या नाहीत. म्हणजे हा खेळ नाही. पेशी जगल्या तर नुकसानही करू शकतात.

दुसऱ्या डोसनंतर बाबांचं डोकं भयंकर दुखायला लागलं. बसलं की दुखायचं, आडवं झालं की कमी. मणक्यात सुई घातल्यावर असं होऊ शकतं, हे आमच्या गावातल्या डॉक्टरांनी पाहताक्षणी सांगितलं. क्लिनिकला फोन केला तर उत्तर आलं, “सेल कामाला लागल्याची ती खूण आहे, ताई.” खऱ्या चाचणीत इजा झाली तर उपचार मोफत करावे लागतात, चाचणीमुळे झाली तर भरपाई द्यावी लागते, आणि गंभीर त्रास असेल तर डॉक्टरने २४ तासांत कळवायचं असतं. हे २०१९ च्या नवीन औषधे व क्लिनिकल चाचण्या नियमांत आहे. मुख्य म्हणजे चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. नोंदणी फी नाही, ‘सवलतीचा दर’ नाही, अनामत नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताच्या वगैरे ठरावीक आजारांतलं बोनमॅरो प्रत्यारोपण सोडलं तर मूळपेशींचा कुठलाही उपचार चाचणीबाहेर द्यायचा नाही, आणि चाचणीचे पैसे घ्यायचे नाहीत. म्हणजे पैसे मागितले त्या क्षणी एक तर ती चाचणी नाही, नाही तर उपचार बेकायदा आहे.

‘पण त्यांच्याकडे सीटीआरआय नंबर होता.’ सीटीआरआय म्हणजे देशातल्या क्लिनिकल चाचण्यांची नोंदवही. होता की! माहितीपत्रकावर ठळक छापला होता. मी तो शेवटी शोधला. नोंदणी खरी निघाली, पण गुडघ्याच्या संधिवाताची, दुसऱ्याच संस्थेची. सीटीआरआयची वेबसाइट सगळ्यांना खुली आहे. नंबर टाका आणि आजार, ठिकाण, प्रमुख डॉक्टर, एथिक्स कमिटीची मंजुरी हे चारही रकाने स्वतः वाचा. आणि नोंदणी म्हणजे सरकारी मान्यता नव्हे, ती वेगळी.

संमतीपत्र चौदा पानांचं, इंग्रजीत. बाबांची सही आता इतकी बारीक होत जाते की शेवटचं अक्षर दिसत नाही. त्या बारीक सहीखाली काय होतं ते मी नंतर वाचलं: ‘परिणामांची हमी नाही’ आणि ‘छायाचित्रण प्रसिद्धीसाठी वापरण्यास हरकत नाही’. खऱ्या चाचणीत माहितीपत्र रुग्णाला समजेल अशा भाषेत लागतं आणि प्रत घरी द्यावी लागते. आम्हाला प्रत मागून मागून मिळाली. बाबांचे दोन्ही व्हिडिओ आता त्यांच्या जाहिरातीत फिरतात. निळ्या स्वेटरातले, कॉरिडॉरमधून चालणारे आजोबा तुमच्या मोबाइलवर दिसले, तर ते माझे बाबा आहेत आणि ते सिंडोपाच्या, म्हणजे त्यांच्या नेहमीच्या लेव्होडोपाच्या, गोळीवर चालत आहेत. हे लिहिण्याचं खरं कारण ते.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात म्हणाले, “डॉक्टरवर गुन्हा नोंदवायला आधी सरकारी डॉक्टरांचा अहवाल लागतो, मॅडम.” तो नियम निष्काळजीपणाच्या तक्रारीला आहे. २००५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्याबद्दल आहे. मी निष्काळजीपणाची तक्रार करतच नव्हते, फसवणुकीची करत होते. पूर्वीचं ४२०, आताच्या भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. ते ऐकून हवालदारांनी वर बघितलं, साहेबांनी नाही. अर्ज घेतला, पोच दिली, संपलं. मग एका सरकारी कार्यालयात गेले. तिथले अधिकारी म्हणाले, रुग्णाच्याच पेशी रुग्णालाच दिल्या तर ते औषध कुठे? हा विषय आमचा नाही. अहो, २०१९ च्या नियमांत मूळपेशींपासून बनवलेलं उत्पादन ‘नवीन औषध’ या व्याख्येत आहे आणि लॅबमध्ये पेशी वाढवल्या की ती प्रक्रिया झालीच! माझ्याकडे ४८,५०० ची पावती होती, तिच्यावर ‘सेल कल्चर चार्जेस’ असं स्वच्छ लिहिलेलं. ती मी टेबलावर ठेवली. त्यांनी ती उलटीसुद्धा केली नाही, दुसऱ्या कार्यालयाचा पत्ता दिला. दुसऱ्यांनी पुन्हा पहिल्यांचा. तिसरीकडे तक्रार नोटरी करून, तीन प्रतींत, ठरलेल्या नमुन्यात आणा म्हणाले. आणली. मग म्हणाले, आता सुनावणीचं कळवू. डॉक्टर चूक की बरोबर ते नंतर ठरवा, पण मेंदूच्या विकारांवरच्या उपचारांची जाहिरात १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने बंद आहे, आणि ती जाहिरात मी मोबाइलवर अधिकाऱ्यांना समोर दाखवत होते. त्यावर “आमच्याकडे मनुष्यबळ कमी आहे” हे उत्तर आलं. आणि क्लिनिक सुरू आहे. नव्या पेशंटांचे ‘आधी’चे व्हिडिओ रोज निघत आहेत. ७४ वर्षांच्या माणसाच्या पाठीत कोणी काय टोचलं हे बघायला कुठल्याच खात्याला सवड नाही, पण माझ्या अर्जावर तारीख डाव्या कोपऱ्यात हवी की उजव्या, हे सांगायला मात्र होती.

एक गोष्ट तेवढी हाती लागली, ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, वकील सक्तीचा नाही. माझ्याकडे पुराव्याने सिद्ध होणारे ३,२९,५०० आहेत. त्यातल्या २,८१,००० च्या पावत्यांवर ‘न्यूरो-रिहॅबिलिटेशन पॅकेज’ असं लिहिलंय, स्टेम सेल हा शब्दच नाही. म्हणून सांगते, रोख देऊ नका. पावतीवर उपचाराचं नाव नसेल तर पैसे देण्याआधी ते लिहून घ्या, लिहीत नसतील तर तिथेच थांबा. फोनवरचं बोलणं, व्हॉट्सअॅपवरचे मेसेज, जाहिरातीचे स्क्रीनशॉट सगळं तारखेसह ठेवा. तुमच्या चालू गोळ्या कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका, लेव्होडोपा अचानक थांबवणं जिवावर बेतू शकतं.

माझी तक्रार दाखल झाली आहे, समोरच्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही. अशाच ‘पॅकेज’च्या पावत्या तुमच्याही कपाटात असतील तर फाडू नका. ग्राहक आयोगात जायला घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, आणि कार्यालयांच्या चकरा मारताना ती थांबून राहत नाही.