कोरोनर कार्यालयाची अधिमान्यता: कव्हरडेल अनुदान की एमई-सी कार्यक्रम?

अमेरिकेतल्या काउंटी (जिल्ह्यासारखा भाग) कोरोनरला, म्हणजे अचानक किंवा संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, अधिमान्यतेसाठी (कार्यालय ठरलेल्या निकषांत बसतं, अशी बाहेरच्या संस्थेची मान्यता) संघीय निधीचे हे दोन मार्ग आहेत.

न्यायवैद्यक कामाच्या सुधारणेसाठीच्या कव्हरडेल अनुदानाचा मोठा वाटा सूत्रानुसार राज्यांना जातो. काउंटीने तो राज्याकडून मागायचा, नाहीतर स्पर्धात्मक भागासाठी थेट अर्ज करायचा. तिथे गुन्हे प्रयोगशाळाही रांगेत असतात. गंभीर हलगर्जीपणाची चौकशी करणारी बाहेरची स्वतंत्र यंत्रणा असल्याचं प्रमाणपत्रही लागतं. छोट्या काउंट्या इथेच अडतात. ती यंत्रणा कोणती, हे अर्जाआधीच लेखी ठरवा.

एमई-सी (मेडिकल एक्झामिनर-कोरोनर) कार्यक्रम खास याच कार्यालयांसाठी आहे आणि अधिमान्यतेची तयारी हा त्याचा घोषित हेतूच आहे. म्हणून अर्ज मागवणारी जाहिरात निघाली असेल तर आमचा कौल यालाच. पण आधी त्रुटींची यादी करा. अधिमान्यता देणाऱ्या ‘नेम’ (मेडिकल एक्झामिनरांची राष्ट्रीय संघटना) या संस्थेच्या निकषांत एका पॅथॉलॉजिस्टने वर्षाला 250 पर्यंत शवविच्छेदनं करावीत, 325 च्या वर गेल्यास ती गंभीर त्रुटी. अशी एकही उरली तर पूर्ण अधिमान्यता नाही. स्वतःचा पॅथॉलॉजिस्ट नसलेल्या काउंटीने ‘आयएसीएमई’ (कोरोनर आणि मेडिकल एक्झामिनरांची आंतरराष्ट्रीय संघटना) या दुसऱ्या संस्थेच्या अधिमान्यतेचा विचार करावा.

दोन्हीकडे काउंटीचा चालू खर्च अनुदानावर ढकलता येत नाही. सॅम नोंदणीचं (संघीय निधीसाठी लागणारी सरकारी ऑनलाइन नोंदणी) नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं; ती संपलेली असेल तर अर्ज अडकतो.