एका दिवसात कॉन करून परत येणाऱ्यांना टोपी कुठे घातली जाते

फॅन कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे सिनेमा-मालिका-कॉमिक्सच्या चाहत्यांच्या मेळाव्यात (थोडक्यात ‘कॉन’), सगळ्यांत हातोहात कोण गंडतं? नवखा गंडतोच, पण भामट्यांचं आवडतं गिऱ्हाईक वेगळं असतं. पहाटेच्या गाडीने आलेलं, पाठीवर सॅक, आणि खिशात संध्याकाळच्या परतीचं तिकीट. हाताशी जेमतेम सात-आठ तास, त्यातले दोन रांगेत जाणार. खाली सांगितलेली प्रत्येक फसवणूक त्याच्या या घाईवर चालते.

सुरुवात घरूनच होते. तिकिटं संपलेली असतात आणि कुणीतरी लिहितो, ‘अचानक जमत नाहीये, माझं घ्या.’ पीडीएफ येते, क्यूआर कोड खरा असतो, अगदी ऑर्डरचा मेलही खरा असतो. गोम अशी की कोड गेटवर एकदाच चालतो आणि तीच पीडीएफ पाच जणांना विकलेली असते. जो आधी पोहोचला तो आत, बाकीच्या चौघांच्या वेळी मशीन ‘आधीच वापरलं’ म्हणतं. गेटवरच्या स्वयंसेवकाशी हुज्जत घालून उपयोग नसतो, त्याच्या हातात काही नसतं. काही अॅपमध्ये कोड ठरावीक सेकंदांनी बदलतो, तिथे स्क्रीनशॉट म्हणजे नुसता कागद. सुरक्षित रस्ता एकच: आयोजकांच्याच अॅपमधून तिकीट तुमच्या नावावर वळतं करून घ्यायचं, म्हणजे जुना कोड रद्द होऊन नवा निघतो. ‘ट्रान्सफर होत नाहीये, पण कोड चालेल’ असं विक्रेता म्हणाला की व्यवहार तिथेच सोडा. आणि स्वतःचं तिकीट कोडसकट सोशल मीडियावर टाकू नका. त्या फोटोवरून दुसरा आत जाऊन बसतो.

गेटबाहेर रिस्टबँड, म्हणजे प्रवेशाची मनगटी पट्टी, विकणारेही भेटतात. कापडी पट्टीवरची प्लॅस्टिकची कडी एकाच दिशेने सरकते, त्यामुळे काढलेला बँड एकतर कापून चिकटवलेला असतो नाहीतर कडी उचकटलेली असते. सुरक्षारक्षक तो बोटाने ओढून बघतात. लगेच सुटतो.

पोस्टरवरच्या पाहुण्यांबद्दल बारीक अक्षरं वाचा. ‘पाहुण्यांमध्ये बदल होऊ शकतो’ हे वाक्य बहुतेक ठिकाणी असतं, आणि त्याचा अर्थ असा की कलाकार आला नाही तर फोटो-ऑपचे (त्याच्यासोबत पैसे देऊन काढायच्या फोटोचे) पैसे मिळू शकतील, प्रवेशाचे मात्र सहसा नाही. दुसरी मखलाशी तारखांची. पोस्टर तीन दिवसांचं, पाहुणा फक्त रविवारी, आणि तुम्ही शनिवारी हजर. त्याने स्वतःच्या अकाउंटवर दिवस जाहीर केला आहे का, हे आधी बघायचं.

फोटो-ऑपचं गणित कागदावर करून घ्या. माणशी पंधरा सेकंद धरले तरी शंभर जणांना पंचवीस मिनिटं लागतात, आणि मागचा कार्यक्रम लांबला की सगळंच सरकतं. परतीच्या गाडीआधीच्या दोन तासांतला स्लॉट घेऊच नका. रांगेत गळ्यात लॅनयार्ड (ओळखपत्राची पट्टी) अडकवलेला एखादा ‘पुढे सोडतो’ म्हणत पैसे मागतो. लॅनयार्ड कुणालाही मिळतं. पैसे फक्त काउंटरवर, पावती घेऊन.

अख्खी कॉनच कोसळल्याची उदाहरणंही आहेत. 2014 मध्ये शिकागोजवळच्या शॉमबर्ग इथे डॅशकॉन चालू असताना आयोजकांनी हॉटेलला तातडीने 17,000 डॉलर द्यायचे आहेत म्हणून प्रेक्षकांकडूनच रोख गोळा केली. एक कार्यक्रम रद्द झाल्यावर ज्यांच्या जागा राखीव होत्या त्यांना भरपाई म्हणून प्लॅस्टिकच्या चेंडूंच्या हौदात एक तास जास्त खेळायला मिळेल, असं सांगण्यात आलं. 2018 मध्ये बाल्टिमोरची युनिव्हर्सल फॅनकॉन साधारण आठवडाभर आधी बारगळली, तोवर लोकांची प्रवासाची आणि राहण्याची आरक्षणं झाली होती. म्हणून पहिल्याच वर्षाच्या कॉनला परत न मिळणारं आरक्षण करू नये.

तरी खरा पैसा जातो तो विक्रीच्या हॉलमध्ये.

फिगर, म्हणजे पात्राची छोटी मूर्ती, हातात घ्या, निदान खोक्याच्या खिडकीतून नीट बघा. अस्सल फिगरमध्ये डोळ्यांची छपाई कडा धरून असते, बूटलेगमध्ये (नकली मालात) बुबुळाचा रंग पांढऱ्यात फुटलेला किंवा एक डोळा किंचित वर. चेहऱ्याची त्वचा अस्सलमध्ये सहसा मंद, नकलेत तेलकट चमकते. केसांची टोकं बघा: अस्सलमध्ये अणकुचीदार, नकलेत बोथट, आणि साच्याची जोडरेघ बाजूने सरळ दिसते. नकलेत बैठकीवरची खुंटी तळव्याच्या भोकात पूर्ण बसत नाही म्हणून फिगर झुकते. खोक्यावर निर्मात्याचं नाव आणि कॉपीराइटची ओळ हवी. ती नसेल तर विषय संपला. असली तरी निश्चिंत होऊ नका, कारण खोकी आणि चमकते स्टिकरही नकलून मिळतात. ‘उघडलं तर किंमत पडेल’ हे सीलबंद खोक्याबाबत खरं आहे, पण तेच नकली मालाचं चिलखतही आहे.

ऑटोग्राफचा फोटो दिव्याखाली तिरका धरा. मार्करची शाई फोटोच्या चकाकीपेक्षा वेगळी चमकते आणि रेघा जिथे एकमेकींवरून जातात तिथे गडद होते. सहीसकट छापलेल्या फोटोची चमक सगळीकडे सारखी, आणि दहापटीच्या भिंगातून सही ठिपक्यांची दिसते. ऑटोपेनची, म्हणजे पेन धरून सही गिरवणाऱ्या यंत्राची, सही त्याहून फसवी, कारण शाई खरी असते. तिथे रेघेचा दाब सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा असतो. स्टॉलवर त्याच नटाचे दोन फोटो असतील तर एकावर एक धरून उजेडात बघा. सह्या तंतोतंत जुळल्या तर त्या यंत्राच्या, माणूस दोनदा तीच सही करत नाही. विक्रेत्यानेच छापलेलं ‘अस्सलपणाचं प्रमाणपत्र’ फ्रेमच्या पुठ्ठ्याइतक्याच किमतीचं.

खेळाच्या, जमवायच्या कार्डांचे सुटे बूस्टर पॅक (आत कोणती कार्डं ते न दिसणारी सीलबंद पाकिटं) घेऊ नका. जुन्या पॅकमध्ये चमकतं कार्ड असलं की वजन किंचित वाढतं, म्हणून वजनकाट्यावर तोलून जड पॅक आधीच बाजूला काढलेले असतात. ग्रेडेड (कंपनीने तपासून दर्जा दिलेल्या) कार्डाच्या प्लॅस्टिक केसवरचा क्रमांक कंपनीच्या साइटवर सापडला म्हणजे झालं असंही नाही. खऱ्या कार्डाचा क्रमांक उचलून नकली केसवर छापतात. साइटवर फोटो असेल तर मधल्या चित्राची कडांपासूनची अंतरं आणि कोपऱ्यांवरचे डाग पडताळा.

शेवटच्या तासातली ‘आवराआवर सवलत’ बऱ्याचदा खरी असते, पण सकाळपासून न खपलेला संशयास्पद मालही त्याच वेळी बाहेर येतो. गाडी पकडायची असलेला माणूस भिंग काढत नाही.

मोठी रक्कम रोख किंवा कुणाच्या खात्यात थेट पाठवू नका, बँकेच्या कार्डाने द्या. ‘सेवा मिळाली नाही’ किंवा ‘नकली माल’ म्हणून बँकेकडे वाद नोंदवता येतो. मुदत असते, तेव्हा त्याच आठवड्यात अर्ज करा. सोबत तिकीट घेतानाचं पान, बदलण्याआधीचं वेळापत्रक, रद्द झाल्याची सूचना आणि विक्रेत्याशी झालेले मेसेज यांचे तारखेसह स्क्रीनशॉट जोडा. वेळापत्रकाचा स्क्रीनशॉट आदल्या रात्रीच काढून ठेवा, कारण गोंधळ झाला की ते पान गुपचूप बदलतं. आणि स्टॉलचा फोटो काढताना टेबलाच्या कोपऱ्यावरचा स्टॉल क्रमांक फोटोत आला पाहिजे. पावतीवर दुकानाचं नाव काहीही असलं तरी ती जागा कुणी भाड्याने घेतली होती, हे आयोजक त्या क्रमांकावरूनच शोधतात.