सुबारू आऊटबॅक: घाट चढते छान, पण उतरायचं कसं ते शिकून घ्या

डेन्वरला येऊन २०२१ची आऊटबॅक घेतली, २.५ लिटर, टर्बो नसलेली, १८२ हॉर्सपॉवर. विकणाऱ्याने ऑल व्हील ड्राईव्हचं कौतुक तासभर केलं, पण सीव्हीटी (ठरलेले गिअर नसलेलं ऑटोमॅटिक ट्रान्समिशन) घेऊन डोंगर उतरायचा कसा याबद्दल एक शब्द नाही, म्हणून लिहितोय.

मागच्या उन्हाळ्यात आईबाबा साताऱ्याहून आले होते, त्यांना पाईक्स पीक या कोलोराडोतल्या डोंगरावर नेलं. १९ मैलांचा रस्ता, वळणंच वळणं, वर १४,११५ फूट. चढताना इंजिन चार हजार आरपीएमला जाऊन तिथेच एकसुरात ओरडत राहतं, गिअर पडल्याचा झटका नाही काही नाही, बाबा म्हणाले "क्लच घसरतोय का रे?" घसरत नाही, सीव्हीटीत गिअरच नसतात, दोन पुलींमधली चेन वरखाली सरकत रेशो बदलते (सुबारूत चेन असते, बऱ्याच गाड्यांत बेल्ट), त्यामुळे इंजिन ताकद मिळते त्या आरपीएमला धरून ठेवता येतं. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६०%च, टर्बो नसलेलं कुठलंही इंजिन तिथे दमणारच. ओव्हरटेकची घाई करू नका.

खरी परीक्षा उतरताना. डीमधे (ड्राईव्ह) ठेवून अॅक्सलरेटरवरून पाय काढला की सीव्हीटी आरपीएम खाली आणते आणि गाडी सुटते, मग माणूस ब्रेकवरच उभा. मी पण सुरुवातीला तेच करत होतो, आणि बाबांनी खंबाटकीतला नियम सांगितला, ज्या गिअरवर चढायचं त्याच गिअरवर उतरायचं. गिअर नाहीत तर करायचं काय? स्टिअरिंगमागचे पॅडल! मॅन्युअल मोडला टाकलं की आठ ठरलेल्या पायऱ्या मिळतात, दुसरी धरली की इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं, ब्रेक फक्त वळणाआधी. उतरताना वाटेत लागणाऱ्या ग्लेन कोव्हच्या तपासणी नाक्यावर रेंजर प्रत्येक उतरणाऱ्या गाडीच्या ब्रेकचं तापमान बघतो, आमच्या पुढच्याला बाजूला थांबवलं, आम्हाला हात करून सोडलं. बाबा काय खूश झाले!

एक्स मोड (घसरड्या रस्त्यासाठीची सुबारूची सेटिंग) मातीत आणि ताज्या बर्फात कमी स्पीडला मस्त काम करतो, पक्क्या घाटरस्त्यावर त्याचा उपयोग नाही. आणि हिवाळ्यात आय-७० ला (डेन्वरहून डोंगरात जाणारा महामार्ग) जाणार असाल तर हे नक्की लक्षात ठेवा, ऑल व्हील ड्राईव्ह गाडीला पुढे न्यायला मदत करतं, थांबवायला नाही, थांबवतात टायर. आयझेनहॉवर टनेलमधून बाहेर पडून सिल्व्हरथॉर्नकडे जो उतार लागतो तिथे बर्फावर चारही चाकं फिरवणारी गाडी बाकीच्यांसारखीच घसरते. कोलोराडोचा नियम पण आय-७० वर मॉरिसन ते डॉटसेरो, १ सप्टेंबर ते ३१ मे, टायरची नक्षी कमीत कमी ३/१६ इंच मागतो, ऑल व्हील असली तरी. मी नोव्हेंबरात स्नो टायर घालतो.

घेताना एक खर्च मात्र धरून चला, चारही टायर सारखेच झिजलेले लागतात नाहीतर ड्राईव्हट्रेनवर ताण येतो. मला एका टायरची कड फाटली म्हणून चारही नवीन घ्यावे लागले.