पायी फिरायचं असेल तर माथेरान की महाबळेश्वर?

सुट्टीत तीन-चार दिवस डोंगरात राहायचं, रोज थोडं चालायचं, बरोबर सहा-सात वर्षांची पोरं आणि सत्तरीचे आजी-आजोबा. गड चढायचा नाही. असा बेत ठरला की मुंबई-पुण्याकडच्या घरांत हीच दोन नावं निघतात.

एक गोष्ट दोन्हीकडे ध्यानात ठेवा. ही गावं डोंगरमाथ्यावर आहेत, म्हणजे आपला मुक्काम वर असतो. त्यामुळे उतार आधी येतो, पोरं पळत सुटतात, आणि चढ लागतो तो परतताना, सगळे दमल्यावर. म्हणून वाट किती लांब आहे यापेक्षा ती किती खाली उतरते हे आधी विचारा.

माथेरान साधारण आठशे मीटर उंचीवर आहे. दस्तुरी नाक्याला गाडी लावली की पुढे आपली गाडी नेता येत नाही, आणि माझ्या मते लहान मुलं असलेल्या घरासाठी यासारखं सुख नाही. नाक्यापासून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. आजी-आजोबांना नाक्याजवळच्या अमन लॉज स्टेशनहून मिनी ट्रेनमध्ये बसवा, सामान हमालाकडे द्या, बाकीच्यांनी चालत निघा. दुसऱ्या दिवशी बाजारातून शार्लट लेक, तिथून लॉर्ड पॉइंट, एको पॉइंट करत लुईझा पॉइंटपर्यंत जा. बरीचशी वाट झाडांच्या सावलीतून जाते, चढ-उतार बेताचे आहेत आणि एक पॉइंट संपला की थोड्याच वेळात पुढचा येतो. थकलं कुणी तर तिथूनच माघारी फिरता येतं. लुईझावरून समोर प्रबळगड दिसतो. पॅनोरमा पॉइंट सुंदर आहे, पण बाजारापासून लांब. तिथे चालणाऱ्यांनीच पहाटे निघावं. वन ट्री हिलकडून खाली दरीत उतरणाऱ्या वाटेला पोरांना नेऊ नका.

त्रास तीन. जांभ्याची बारीक लाल खडी सुकलेल्या उतारावर पायाखाली गोट्यांसारखी सरकते, तेव्हा चपला नकोत, पकड असलेले बूटच हवेत. दुसरी माकडं: वेफर्सचं पाकीट हातात दिसलं की ते गेलंच. तिसरे घोडे: ते भरधाव येतात, तेव्हा मुलांना दरीच्या नाही, डोंगराच्या बाजूला घ्या.

महाबळेश्वर बरंच उंच, साडेतेराशे मीटरच्या आसपास, त्यामुळे मे महिन्यात माथेरानपेक्षा नक्कीच सुसह्य. पण इथले पॉइंट विखुरलेले आहेत. आर्थर सीट गावापासून बारा-तेरा किलोमीटर. गाडीने जायचं, थोडं चालायचं, फोटो काढायचे, परत गाडीत बसायचं, असाच दिवस जातो. गुडघे दुखणाऱ्यांना ते सोयीचंच आहे: फार न चालता सावित्रीची खोल दरी डोळे भरून पाहता येते. खरं चालायचं असेल तर सकाळी गावातून विल्सन पॉइंटला पायी जा, रहदारी सुरू व्हायच्या आत. लिंगमळ्याचा धबधबा पाहायला पायऱ्या उतराव्या लागतात, म्हणजे परतीचा चढ आलाच. आजोबांना वर थांबू द्या.

सपाट चालण्यासाठी या बाजूला सगळ्यात उत्तम पाचगणीचं टेबललँड. वर पोहोचलात की चढ जवळजवळ नाहीच, सत्तरीतली माणसंही आरामात फेरी मारतात. सावली मात्र नाही, म्हणून सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर.

चालणं हाच सुट्टीचा गाभा असेल आणि ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी या दिवसांत जाणार असाल, तर माथेरान निवडा. मे महिना असेल, किंवा घरात एखाद्याला किलोमीटरभरही चालवत नसेल, तर महाबळेश्वर, त्यातही मुक्काम पाचगणीला. भर पावसात पोरांना घेऊन चालायला यातलं एकही ठिकाण मी सुचवणार नाही. पॉइंटवर धुक्याशिवाय काही दिसत नाही आणि वाटा शेवाळाने निसरड्या होतात.

माथेरान ठरलं तर हॉटेल बाजाराजवळच घ्या. रानात आत असलेली हॉटेलं फोटोत छान दिसतात, पण जेवायला, झोपायला दुपारी परतायचं म्हटलं की तेवढंच अंतर पुन्हा चालावं लागतं, आणि ते पोरांच्या पायांना जड जातं.